लॅपटॉपमधील खतावणी

लातूरची गंजगोलाई असो वा नांदेडचा मोंढा, लाल वहीचे बरेचसे काम आता लॅपटॉपकडे आले आहे. सोयाबीन-तुरीच्या पट्ट्या, उधारी, जीएसटीची विवरणपत्रे, सारे त्यातच. तो सुरू व्हायला फार वेळ घेऊ लागला की नवा घेण्याची भाषा होते. पुष्कळदा दोष एकट्या हार्ड डिस्कचा असतो. तिची तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, म्हणून ती चपळ.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा एसएसडी बसते. स्क्रू काढून ती बसवणे घरीही जमते, कसोटी त्याआधीची. हिशेबाची प्रत प्रथम पेनड्राइव्हवर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रतच नव्हे! बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवावी. मग यूएसबी केबलने नवी एसएसडी जोडून क्लोनिंग सॉफ्टवेअरने सबंध डिस्क तिच्यावर उतरवावी. येथे मूळ कोणती आणि नवी कोणती, हे दोनदा वाचावे; उलट निवड झाली तर कोरी डिस्क भरल्या खतावणीवर उतरते.

जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नये. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. शिवाय नुसत्या डिलीट केलेल्या फाइली जाणकाराला पुन्हा काढता येतात, आणि त्यांत ग्राहकांची खातीही असतात.