पौषातली पहाट आणि रुसलेली फटफटी

घरात फटफटी आहे आणि थंडीत ती एकदाही रुसली नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारा गृहस्थ विरळाच! त्यातून ती फ्यूएल इंजेक्शनची असली की मालकाची पंचाईत अधिकच. पूर्वी निदान ओढायला चोक तरी होता. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर व त्याच्याबरोबर चोकही जवळजवळ हद्दपार झाला.

गेल्या पौषात आमच्या भाच्याचा फोन आला. स्वारी पेठकडच्या डोंगरपाड्यांवर आरोग्यसेवक आहे. कच्च्या वाटांसाठी त्याने एक जुनी डर्ट बाइक हप्त्याने घेतलेली.

"मामा, सकाळी गाडी सुरूच होत नाही. काल लसीचा डबा खांद्याला लावून चालत गेलो. पोचेपर्यंत निम्म्या आया पोरांना घेऊन मजुरीला निघून गेल्या होत्या. मिस्त्री म्हणतो, पंप बदला. हिच्या भिशीचे पैसे काढतोय."

"पैसे तिथेच राहू दे," मी म्हटले. "शनिवारी रात्री गाडी अंगणात उभी कर आणि मी येईपर्यंत तिला हात लावू नकोस. थंडीचा आजार थंड अंगानेच तपासायचा असतो."

आता हा आजार होतो कसा, ते पाहू. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. बरेचसे थेंब वाटेतच भिंतींना चिकटतात. म्हणून थंड इंजिनाला पेट्रोल थोडे जास्त द्यावे लागते. चोक हवा अडवून मिश्रण दाट करी. इंजेक्शनच्या गाडीत हे काम एक छोटी संगणकपेटी करते. इंजिनावरचा उष्णतेचा सेन्सर तिला "गारठा आहे" असे कळवतो, आणि ती इंजेक्टरची पिचकारी जरा जास्त वेळ उघडी ठेवते.

रविवारी पहाटे आम्ही अंगणात उतरलो. सीट दवाने भिजलेली. आधी चावी फिरवली. दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली. म्हणजे पंप जिवंत. पण रात्रभरात नळीतला दाब उतरत असेल तर? म्हणून चावी तीनदा चालू-बंद केली आणि मग सेल्फ मारला. दाब हाच दोष असता, तर एवढ्याने इंजिन बहुधा बोलले असते. ते बोलले नाही.

मग बॅटरीला मीटर लावला. थंडीत बॅटरीची ताकद घटते, म्हणून संशय तिच्यावर आधी घ्यावा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ फिरताना १०.४. हा आकडा साडेनऊच्या खाली घसरला असता, तर निदान तिथेच संपले असते.

पुढे प्लग काढला. ओला निघाला तर गाडी ओव्हर झाली किंवा ठिणगी नाही. कोरडा निघाला तर पेट्रोल पुरेसे पोचत नाही. आमचा कोरडा होता, आणि ठिणगी चांगली निळी.

"दुपारी कशी सुरू होते रे?"

"दुपारी? एका बोटात!"

इथेच मेख होती. जो पंप दुपारी पुरेसे पेट्रोल देतो, तो फक्त पहाटेच संप कशाला करील? पेटीलाच थंडी कळत नसावी!

या सेन्सरचा विद्युत्‌रोध थंडीत वाढतो, उष्णतेत उतरतो. त्याचा कनेक्टर उघडला, तर आत तांबडा ओला चिखल! भाचेबुवा दर आठवड्याला गाडीवर जोरदार पाण्याचा पाइप मारीत. त्या ओलीतून दोन पिनांमध्ये वीज झिरपे, रोध कमी भासे आणि पेटी समजे, इंजिन कोमट आहे. सेन्सर सुटा करून मोजला, तर पुस्तिकेतल्या आकड्याशी बरोबर जुळला. म्हणजे बिचारा निरोप खरा देत होता. वाटेत तो बदलत होता. हा खोटा आकडाही शक्यतेतला असल्यामुळे धोक्याचा दिवा काही पेटला नाही.

पिना स्वच्छ केल्या, वाळवल्या, कनेक्टर घट्ट बसवला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा परीक्षा. चावी, दोन सेकंद थांबणे, मूठ न पिळता सेल्फ, आणि इंजिन बोलू लागले!

दर वेळी गुन्हेगार हाच असेल असे नाही. डर्ट बाइकमध्ये व्हॉल्व्हची फट कमी झाली, तरी थंड इंजिन असेच अडते. पण आधी ऐका, मोजा, पाहा. नवा भाग विकत घेणे सर्वांत शेवटी.

पुढच्या बुधवारी सकाळी भाच्याचा पुन्हा फोन. मला धस्स झाले.

"मामा, पाड्यावरून बोलतोय. आज सगळी पोरे सापडली."

मागून रडण्याचा मोठा कल्लोळ ऐकू येत होता. इतके गोड रडणे मी पूर्वी ऐकले नव्हते!