शिरोड्याची मिठागरे : उन्हाला अडवणारे मीठ

वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याची ओळख दोन गोष्टींनी होते : इथल्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर आणि मे १९३० मधला मिठाचा सत्याग्रह. तो ज्या मिठागरांवर झाला, तिथले गणित वरवर सोपे वाटते. ऊन पडते, पाणी आटते, मीठ उरते. प्रत्यक्षात मात्र उन्हाच्या वाटेत खुद्द मीठच आडवे येते, आणि मिठागराची आखणी हा अडथळा जमेस धरूनच होते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सुमारे नऊ दशांश पाणी उडाल्यावरच मीठ धरू लागते. विरघळलेले क्षार पाण्याला सहजी सुटू देत नाहीत. गोड्या पाण्याच्या तुलनेत समुद्राच्या पाण्याचा बाष्पदाब जेमतेम २ टक्क्यांनी कमी असतो. मिठाने संपृक्त झालेल्या पाण्याचा, त्याच तापमानाला, सुमारे २५ टक्क्यांनी. एकाच वाफ्यात रोज नवे पाणी ओतत राहिले, तर सगळे पाणी दाट, अडेलतट्टू द्रावणातूनच उडवावे लागेल. म्हणून खाडीचे पाणी आधी वेगळे तापवतात आणि दाट झाल्यावरच मिठाच्या उथळ वाफ्यात सोडतात. बरेचसे पाणी ते पातळ असतानाच निघून जाते. हे टप्पे केवळ शुद्ध मिठासाठी असतात, असे कोणी म्हणेल. चुन्याचे क्षार आधी खाली बसतात, हे खरेच. पण त्याच आखणीत वेळही वाचतो. पाणी पृष्ठभागावरून उडते, त्यामुळे वारा पडला की मिठाची पहिली पापडी तिथेच तरंगताना दिसते. जड झाली की ती तळाशी जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कमी पाणी उडाले म्हणजे कमी उष्णता खर्ची पडली. मग दाट पाणी जास्त तापून तूट भरून काढणार नाही का? काही अंशी काढते, म्हणून भर उन्हात फरक २५ टक्क्यांइतका जाणवत नाही. पण ही भरपाई उन्हापुरतीच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेइतकेच तापमान असलेले संपृक्त द्रावण पाणी सोडायचे थांबते आणि उलट हवेतलेच ओढू लागते. त्या हवेत गोडे पाणी मात्र अजून सुकत असते. मिठागराचा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो तो केवळ सरींच्या भीतीने नव्हे. दमट हवेत ऊन नसेल, तर पाऊस न पडताही मीठ पिकत नाही. आषाढात बरणीतल्या ‘मिठाला पाणी सुटले’ असे आपण म्हणतो. खरे तर ते सुटलेले नसते, मिठाने हवेतून ओढून घेतलेले असते.