महापुरातील कागद आणि रेणूंची लिपी

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. गेलेल्या माणसांपुढे गेलेल्या कागदांचा हिशेब क्षुल्लक वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु वाचलेल्या माणसाला पाणी ओसरताच कचेरीच्या दारात प्रथम विचारला जातो तो कागदच. शिधापत्रिका, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला यांच्यावाचून त्याचे दुःखही सरकारदरबारी सिद्ध होत नाही.

कागदाला पाणी व वाळवी, संगणकाच्या तबकडीला गंज व काळ. मग टिकाऊ असे काय? या प्रश्नाचे एक उत्तर शास्त्रज्ञांनी सजीवाच्या पेशीत शोधले आहे. आईबापांचे गुणधर्म अपत्याकडे नेणारा डीएनए हा रेणू म्हणजे ए, टी, जी, सी या चार घटकांची लांबलचक ओळ. संगणकातील सारी माहिती शून्य व एक या दोन अंकांत असते. दोन अंकांच्या चार जोड्यांना ही चार अक्षरे नेमून दिली, की कोणताही मजकूर या लिपीत उतरवता येतो. तसे तुकडे प्रयोगशाळेत रसायनांपासून घडवतात, प्रत्येकावर क्रमांक घालतात आणि पुढे यंत्राने वाचून पुन्हा जुळवतात. यात सजीव प्राण्याचा काहीही संबंध नसतो.

२०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या जॉर्ज चर्च यांनी एक संपूर्ण ग्रंथ असा नोंदवला. २०१७ मधील एका प्रयोगाने एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट, म्हणजे साडेएकवीस कोटी गिगाबाइट, माहिती मावू शकेल असे दाखवले. मात्र पाणी व उष्णता हे या रेणूचेही शत्रू आहेत. म्हणून २०१५ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी तो काचेच्या सूक्ष्म कणांत बंदिस्त केला. थंड जागी तो दोन हजार वर्षे टिकेल, असा त्यांचा अंदाज आहे. कोकणच्या दमट हवेत अशा कवचावाचून गत्यंतर नाही.

तथापि ही विद्या अद्याप महाग व मंद आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत एका स्वयंचलित यंत्राला पाच अक्षरांचा एक शब्द लिहून परत वाचण्यास २१ तास लागले. तालुक्याच्या कचेरीत ती उद्या येणार नाही. परंतु माहिती टिकणे आणि ती कळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि महाडकरांना याची साक्ष घराजवळच मिळते. शहरालगतच्या गांधारपाले लेण्यांत कुमार विष्णुपालिताच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. दगड शतकानुशतके पुरांच्या वर उभा राहिला, पण लिपी वाचणारे उरले नाहीत. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडली, तेव्हा असे लेख पुन्हा बोलू लागले.

मोडीची गोष्ट तर कालपरवाची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवलेली ही लिपी आज मोजक्यांनाच वाचता येते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी जाणणारे शोधत फिरण्याची वेळ आली. नातवाचा दाखला पणजोबाच्या शाळेतील एका ओळीवर अवलंबून होता. ती ओळ शाबूत असूनही वाचणारा नव्हता.

डीएनए वाचण्याची यंत्रे मात्र वैद्यकाला सदैव लागणार, हे या माध्यमाचे खरे बळ आहे. तरीही कोणत्या जोडीला कोणते अक्षर नेमले, ही किल्ली हरवली तर काचेतील ग्रंथही मुकाच राहील. तोवर करण्याजोगे पुष्कळ आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरची एक प्रत सावित्रीच्या खोऱ्याबाहेर ठेवणे, दरवर्षी ती उघडून वाचता येते की नाही हे पाहणे आणि प्रत्येक तालुक्यात चार तरुणांना मोडी शिकवणे, यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पुढचा महापूर या सिद्धतेची वाट पाहणार नाही.