मायच्या मेहनतीचा भाव

मुलांनो, मोठेपणी कोण होणार, असं विचारलं की तुमची उत्तरं तयार असतात. डॉक्टर, शिक्षिका, पोलीस! पण ‘मी उद्योजक होणार’ असं म्हणणारा हात वर्गात क्वचितच वर येतो. उद्योजक म्हणजे स्वतःच्या हिमतीवर उद्योग उभा करणारा माणूस. आजकाल कॉलेजात ‘उद्योजकता’ हा विषयही असतो. पण धंदा का पुस्तकातून शिकता येतो?

हाच प्रश्न मी आमच्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीला विचारला. यंदा तिने बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली. तिची माय हंगामात मिरचीचे देठ खुडायला जाते. नंदुरबारची मिरची तुम्हांला ठाऊक आहेच. हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडल्या की जमिनीवर लाल गालिचा अंथरल्यासारखा दिसतो, आणि रस्त्याने जाणारा माणूस शिंकतच पुढे जातो!

ती म्हणाली, “सर, पहिल्या वर्षी मला वाटायचं, भांडवल असलं की धंदा झाला. आता कळलं, आधी प्रश्न हवा. कोणाला काय पाहिजे? आणि ते त्याला आज का मिळत नाही?”

याचं मोठं उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. भवरलाल जैन यांचा जन्म १९३७ साली जळगाव जिल्ह्यातल्या वाकोद गावी झाला. वाणिज्य आणि कायदा या विषयांच्या पदव्या त्यांनी घेतल्या. सरकारी अधिकारी होण्याची परीक्षाही ते पास झाले होते. तरी नोकरीऐवजी त्यांनी धंदा निवडला. १९६३ साली घरच्यांनी साठवलेल्या ७,००० रुपयांवर त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. १९७८ साली त्यांनी केळीची पावडर करणारा एक जुना कारखाना विकत घेतला. पण त्यात पावडर न करता त्यांनी पपेन बनवलं.

पपेन म्हणजे काय? कच्च्या पपईला चिरा दिल्या की पांढरा चीक गळतो. तो वाळवून, शुद्ध करून पपेन मिळतं. ते प्रथिनांचे बारीक तुकडे करतं, म्हणून पचनाच्या औषधांत वापरतात. मटण लवकर शिजावं म्हणून घरी कच्ची पपई घालतात ना? ती करामत याचीच! शहाद्याकडच्या मुलांनी पपईचे मळे रोज पाहिले असतील. चीक सगळ्यांनीच पाहिला. तो कोणाला हवा आहे, हे ज्याने शोधलं तो उद्योजक झाला. पुढे जैन यांचं नाव ठिबक सिंचनामुळे घरोघरी पोचलं. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ साली ते वारले.

“पण सर,” ती म्हणाली, “२०१९ साली त्याच कंपनीला कर्ज फेडणं जड गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपण कर्ज किती घ्यायचं ते आधी ठरवायला नको का?”

मग तिने वहीतलं एक गणित दाखवलं. आकडे मानलेले आहेत, पण तुम्हीही सोडवून पाहा. समजा, ४ किलो ओल्या मिरचीची १ किलो पूड होते.

ओली मिरची ४ किलो, दर ४० रुपये : १६० रुपये
दळण : ३० रुपये
पिशवी आणि लेबल : २० रुपये
बसभाडं : २० रुपये
एकूण खर्च : २३० रुपये

पूड २५० रुपयांना विकली, तर नफा किती? २० रुपये! वर्गातल्या सगळ्यांनी हेच उत्तर लिहिलं. तिनेही तेच लिहिलं होतं. मग तिला आठवलं, वाळवायला, देठ काढायला मायचे दोन तास गेले. तासाला ३० रुपये धरले तर ६० रुपये झाले. म्हणजे नफा नाहीच, उलट ४० रुपयांचा तोटा!

“घरचं माणूस राबतं, त्याचा हिशोब आम्ही कधी धरलाच नव्हता,” ती हळूच म्हणाली. “तीन वर्षांत मी एवढं जरी शिकले, तरी फी वसूल झाली.”

मात्र सगळंच पुस्तकात नसतं. प्रकल्पासाठी तिने पुडीचे नमुने दुकानांत नेले, तेव्हा पहिल्या चार दुकानदारांनी “नको” म्हणून हात हलवला. पाचव्याने विचारलं, “परवाना कुठाय? तारीख कुठाय?” खाण्याचा जिन्नस विकायचा तर नोंदणी लागते, पाकिटावर वजन आणि तारीख लागते. हे तिने पुस्तकात वाचलं होतं. पटलं मात्र त्या दुकानात.

आता घरचे म्हणतात, तलाठ्याची परीक्षा दे. ती परीक्षा देणार आहे. सोबत येत्या हंगामात शेजारच्या दोन बायांना घेऊन फक्त २० किलो पूड करणार आहे, आणि यावेळी तिघींची मजुरी आधी बाजूला काढणार आहे. जमेल का? तिलाही ठाऊक नाही. पण तोटा झाला तर किती, हे तिने वहीत लिहून ठेवलंय.

मुलांनो, या रविवारी एक काम करा. घरात पापड, कुरडया, आमचूर, लोणचं, जे काही होत असेल त्याचा खर्च मांडा. आणि हो, आईचे तास त्यात धरायला विसरू नका. पालकांनो, हा हिशोब मुलांसोबत बसून करा. उत्तर पाहून घरातले सगळेच थोडा वेळ गप्प बसतील!