अधूनमधून पाहिलेले बोलपट

मी कांहीं बोलपटांचा व्यासंगी नव्हे. वर्षाकांठीं दोन, फार तर तीन चित्रपट पाहावेत, तेही घरांतल्या मुलांनीं ओढून बसविल्यावर, अशी माझी आजवरची चाल. नटनटींचीं नांवें मला आमच्या धाकट्या सुनेस विचारावीं लागतात. या लेखांत आलेलींही तिच्याकडूनच तपासून घेतलीं आहेत. तेव्हां पुढील मजकूर टीकाकाराचा समजूं नये. जन्मभर हातीं खडू धरलेल्या आणि पडद्यापुढें क्वचित् बसलेल्या एका मनुष्याचीं हीं मतें आहेत, व त्यांत एक कबुलीही आहे.

आमचें नंदुरबार गुजराथच्या सीमेवरचें. सुरत-भुसावळ लोहमार्गानें माल येतो, माणसें येतात, तसेच चित्रपटही येत. १९७५ सालीं ‘शोले’ आणि ‘जय संतोषी माँ’ हे दोन चित्रपट निघाले तेव्हां मी शाळेंत होतों. पहिल्यानें आमच्या वडील बंधूंस वेड लाविलें, दुसऱ्यानें आजीस. दुसऱ्या चित्रपटास बायका चपला बाहेर काढून आंत जात, पडद्यावर फुलें व नाणीं उधळीत, असें देशभर घडलें. आजीनेंही आपल्या पदरची चार आण्यांची नाणीं तेथें खर्ची घातलीं. बंधु मात्र महिनाभर गब्बरसिंगाच्या आवाजांत जेवायला वाढा म्हणत असत, आणि त्यांस वडिलांच्या हातचा प्रसाद मिळाला. मला विचाराल तर दोघांचेही पैसे फिटले. एकास भय हवें होतें, एकीस भक्ति हवी होती. ज्याला जें हवें तें त्यास मिळालें. लोकप्रिय चित्रपट म्हणजे काय, याची व्याख्या मला त्याच वर्षीं सांपडली. प्रेक्षक जें घेऊन आंत जातो, तेंच दुप्पट करून जो त्याच्या पदरांत घालतो, तो लोकप्रिय.

या व्याख्येचें उत्तम उदाहरण १ जानेवारी २०१६ रोजीं प्रदर्शित झालेला ‘नटसम्राट’. शिरवाडकरांचें नाटक १९७० सालचें. त्यांत गणपतराव बेलवलकरांची भूमिका प्रथम डॉ. श्रीराम लागूंनीं केली, व चित्रपटांत ती नाना पाटेकरांनीं. अभिनयाविषयीं बोलण्याचा मला अधिकार नाहीं. पाटेकर आणि विक्रम गोखले समोरासमोर आले कीं आमच्या घरांत टांचणी पडली तरी ऐकूं येई, एवढें सांगतों. माझी तक्रार वेगळीच आहे. आमच्या घरचीं सगळीं वडील माणसें तो पाहून रडलीं, आणि प्रत्येक जण स्वतःस बेलवलकर समजून रडला. ज्या मुलाच्या नि मुलीच्या घरून त्या वृद्धास निघावें लागलें, त्यांच्या जागीं स्वतःस ठेवून पाहणारा आमच्यांत एकही नव्हता. वस्तुतः आमचे वडील अखेरचीं तीन वर्षें ज्या मागच्या खोलींत खोकत पडले होते, ती खोली त्या दिवशीं आम्ही बसलों होतों तेथून दहा पावलांवर. तिच्याकडे कोणीं मान वळविली नाहीं, मींही नाहीं.

तीच गोष्ट ‘पिंजरा’ची. १९७२ सालच्या या शांतारामबापूंच्या चित्रपटांत तमासगिरिणीच्या मोहांत सांपडलेल्या गुरुजींचें काम डॉ. लागूंनींच केलें. तो बेतला आहे ‘ब्लू एंजल’ या १९३० सालच्या जर्मन बोलपटाच्या कथानकावर. गांव गुरुजींस मृत समजून त्यांचा पुतळा उभारतें. आणि त्यांच्याच खुनाचा आरोप स्वतः गुरुजींवर येतो, तो ते मुकाट्यानें पत्करतात, कां तर गांवाचा देव भंगूं नये. शिक्षकवर्गांत हा चित्रपट मोठा प्रिय. आमच्या शाळेंतले एक सहकारी तो सात वेळां पाहून आले होते. मलाही तो आवडला; आजही त्यांतलीं गाणीं कानीं पडलीं तर पाय थबकतो. तथापि असत्यावर उभा असलेला पुतळा वांचविण्यासाठीं एवढा आटापिटा कशासाठीं, हा प्रश्न मला तेव्हां पडला नाहीं, तो निवृत्तीनंतर पडला. मास्तरांना मास्तरांविषयींच रडायला लावणारा तो चित्रपट आहे.

भरतमुनींनीं आठ रस सांगितले व तेहेतीस व्यभिचारी भाव सांगितले. त्या तेहेतिसांत ‘व्रीडा’ म्हणून एक आहे. व्रीडा म्हणजे लाज. परंतु नववधूची नव्हे, हातून अनुचित कांहीं घडलें तें कळल्यावर जी मान खालीं जाते ती. भावांच्या गर्दींत ती अशी कोठें तरी मागें उभी असते. मला मात्र अलीकडे असें वाटूं लागलें आहे कीं, चित्रपटाची किंमत करूंच जावें तर तिच्यावरून करावी. करुण रसानें आपल्या डोळ्यांतून पाणी निघतें आणि आपण हलके होऊन घरीं येतों. व्रीडेनें मनुष्य जड होऊन येतो.

अशा प्रकारें जड होऊन उठलेलें घर मीं प्रथम पाहिलें तें ‘कुंकू’च्या वेळीं. प्रभातचा हा चित्रपट १९३७ चा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. आम्हीं तो पुष्कळ वर्षांनीं दूरदर्शनवर पाहिला. मामानें फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यांत बांधलेली नीरा त्या विवाहास विवाह म्हणावयासच तयार नाहीं. शांता आपट्यांची ती नीरा ओरडत नाहीं, विहिरीकडे धांव घेत नाहीं. केवळ मान्य करीत नाहीं. आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब हे कांहीं राक्षस नव्हेत. आपल्या घरांतल्या जुन्या घड्याळासारखे ते सभ्य व नेमस्त गृहस्थ आहेत, आणि त्या चित्रपटाची खरी धार तेथेंच आहे. कारण तसे सभ्य, नेमस्त गृहस्थ आमच्या वंशवृक्षांत दोन तरी निघतील. त्या रात्रीं माझ्या वडिलांच्या आत्या आमच्याकडे होत्या. त्या तेव्हां ऐंशीच्या पुढें होत्या. तेराव्या वर्षीं बिजवरास दिलेल्या, एकोणिसाव्या वर्षीं माघारीं आलेल्या. चित्रपट संपला तशा त्या उठल्या आणि देवघराकडे जातां जातां म्हणाल्या, “हिला निदान बोलतां तरी आलें.” ओसरीवर बसलेल्या आम्हां सर्व पुरुषांस त्या क्षणीं चटईच्या काड्या मोजण्यावांचून दुसरें काम उरलें नाहीं.

‘सैराट’विषयीं (२०१६) थोडकेंच लिहितों. तो मला लांबला असें वाटलें, आणि शेवट पाहून झोंप आली नाहीं. पण त्यानंतर आमच्याच आळींत जें लग्न झालें त्यांत वाजंत्र्यांनीं त्याचेंच गाणें धरिलें, व मुलांमुलींबरोबर व्याहीही नाचले. जातीबाहेर लग्न केलें म्हणून ज्या कथेंत नवराबायकोचा जीव घेतला जातो, तिचें गाणें जातीतल्या लग्नाच्या मांडवांत! प्रेक्षकानें गाणें तेवढें घरीं आणिलें, शेवट चित्रपटगृहांतच ठेविला. यांत दोष नागराज मंजुळ्यांचा म्हणवत नाहीं.

त्यांचाच आधींचा ‘फँड्री’ २०१४ सालीं चित्रपटगृहांत आला. मीं तो नंतर घरीं बसून पाहिला. प्रारंभीं आम्ही नऊ जण होतों. डुकरें दिसूं लागलीं तशीं माणसें उठूं लागलीं, वडील बंधु म्हणाले, “जेवणाच्या वेळीं हें काय!” शेवटीं मी आणि धाकटी सून उरलों. कैकाडी समाजांतला जब्या, शाळेंत शिकणारा पोर, काळ्या चिमणीच्या मागें रानोमाळ हिंडणारा. त्याच्या घरच्यांस डुकरें धरण्याचें काम लागतें, आणि तें सारें वर्गसोबत्यांच्या देखत. डुक्कर आतां हातीं येणार, इतक्यांत शाळेंतून राष्ट्रगीत ऐकूं येतें. तें कुटुंब जागच्या जागीं ताठ उभें राहतें आणि डुक्कर निघून जातें. पुढें तें मारलेलें डुक्कर काठीला बांधून नेत असतां मागच्या शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचें, सावित्रीबाईंचें, गाडगेबाबांचें चित्र दिसतें. अशा भिंती मीं स्वतः रंगवून घेतल्या आहेत. १५ ऑगस्टच्या आधीं त्यांस नवा रंग द्यावयाचा, हें काम माझ्याकडेच असे.

आतां ती कबुली. आमच्या जिल्ह्यांतलीं कितीएक भिल्ल कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजराथेंत जातात आणि होळीच्या सुमारास परततात; मुलें अर्थातच बरोबर. असा एक मुलगा सातवींत माझ्या वर्गांत होता. फाल्गुनांत तो परत आला तेव्हां मीं त्याला उभें करून एक समास सोडवावयास सांगितला. चार महिने ज्यानें पाटी पाहिली नव्हती, त्याला तो काय येणार? मी म्हणालों, “बस. तुझा विग्रह कोयत्यानेंच व्हायचा.” वर्ग खदखदून हंसला. मीं तो विनोद मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलींतही सांगितला व तेथेंही हंशा मिळाला. होळीनंतर तो मुलगा चार दिवस आला आणि मग आला नाहीं. हजेरीपटावर मीं लाल शाईनें ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारिला. अक्षर वळणदार होतें.

‘फँड्री’च्या अखेरीस जब्या चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावतो, आणि तो दगड सरळ पाहणाऱ्याच्या तोंडावर येतो व पडदा काळा होतो. मी खुर्चींत मागें सरलों. सुनेनें विचारलें, “मामंजी, पाणी आणूं का?” मी नको म्हणालों. बत्तीस वर्षांच्या नोकरींतल्या शेंकडों मुलांचीं नांवें मी विसरलों आहें. त्या मुलाचें नांव, वडिलांच्या नांवासह, त्या रात्रीं एका क्षणांत आठवलें. तें येथें छापावयाचें नाहीं. एकदां चारचौघांत घेऊन झालें आहे.

दुसऱ्या दिवशीं मीं हें सौभाग्यवतीस सांगितलें. ती धान्य निवडीत होती. “तुम्हीं तो विनोद तेव्हां मलाही सांगितला होता,” ती म्हणाली, “मीही हंसलें होतें.”

येत्या रविवारीं घरांत सर्वांनीं मिळून पुन्हां ‘नटसम्राट’ पाहावयाचा ठरला आहे. मीं ‘फँड्री’ सुचविला, तेव्हां वडील बंधूंनीं जेवणाची वेळ काढली. मीं जेवण आधीं उरकून घेऊं असें म्हटलें आहे. निर्णय अजून झालेला नाहीं.