क्रॅटमचे पान आणि कसुंब्याची ओंजळ

बाळागोळी हा शब्द आज गुजरातेत व महाराष्ट्रात बहुधा जुन्या पिढीच्याच तोंडी आढळतो. अर्भक शांत झोपावे व आईला गिरणीत किंवा शेतात कामास जाता यावे, म्हणून अफूचा अंश असलेली ही गोळी त्याला चाटवली जात असे. अफूने श्वास मंदावतो. मात्रा किंचित चुकली तर मूल दगावण्याचा धोका असे. तरीही ही गोळी घरोघर होती, कारण तिला कोणी विष मानीत नव्हते. ते घरगुती औषध समजले जाई.

मोठ्यांची अफू कसुंब्याच्या रूपाने येई. अफू घोटून पाण्यात विरघळवावयाची, कापडातून गाळावयाची आणि पाहुण्यास ओंजळीतून पाजावयाची, अशी ही रीत सौराष्ट्रात व उत्तर गुजरातेत सोयरीक, लग्न व भांडणाचा समेट अशा प्रसंगी पाळली जाई. कसुंबा नाकारणे हा यजमानाचा अपमान ठरे. बडोदे संस्थानच्या कडी प्रांतात खसखशीची लागवड होत असे व अफूचा मक्ता संस्थानाकडे होता. त्या ओंजळीमागे सरकारी तिजोरीही उभी होती, हे विसरून चालणार नाही. पुढे १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत औषधाव्यतिरिक्तचा वापर दहा वर्षांत बंद करण्याचे ठरले. आज परवान्याने होणारी लागवड मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील ठराविक भागांपुरती उरली आहे.

अफूच्या या जुन्या इतिहासाची आठवण होण्यास निमित्त आहे ते क्रॅटम या झाडाचे. हे कॉफीच्या कुळातील झाड थायलंड, मलेशिया व इंडोनेशिया या देशांत वाढते. आपल्या रानातील कळंब त्याचा सगोत्र असला तरी कळंब म्हणजे क्रॅटम नव्हे. दक्षिण थायलंडातील शेतमजूर व रबराच्या मळ्यांतील कामगार क्रॅटमची ताजी पाने पिढ्यान् पिढ्या चघळीत आले आहेत. उन्हात अंग चालावे, थकवा जाणवू नये, एवढाच त्यांचा हेतू. थायलंडने १९४३ मध्ये त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये ती उठविली. मात्र मधल्या काळात पानाचे चूर्ण, कॅप्सूल व तीव्र अर्क जगभर विकले जाऊ लागले, आणि 'वनस्पतिजन्य' या एका शब्दावर ते निरुपद्रवी ठरविले जाऊ लागले. अफूही वनस्पतिजन्यच आहे, याचा विक्रेत्यांना सोयीस्कर विसर पडतो.

क्रॅटममधील मुख्य द्रव्य मिट्राजायनिन होय. थोड्या मात्रेत ते तरतरी आणते. मात्रा वाढली की गुंगी आणते व वेदना बोथट करते. मेंदूतील ज्या केंद्रांवर अफूतील मॉर्फिन काम करते, त्यांच्यावरच हेही काम करते, जरी त्याचा जोर मॉर्फिनइतका नसला तरी. आतड्यांतही अशी केंद्रे असल्याने दोन्ही पदार्थांच्या सेवनाने बद्धकोष्ठ जडतो. शरीर स्वतःही वेदनाशामक द्रव्ये निर्माण करते. बाहेरून रोज पुरवठा होऊ लागला की शरीर त्यास सरावते, आणि कालचा डोस आज पुरत नाही. क्रॅटमने यकृतास इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत. झोपेच्या गोळ्या, दारू किंवा अन्य मादक द्रव्यांबरोबर ते घेतल्यास धोका फार वाढतो. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्रॅटमपासून काढलेल्या ७-हायड्रॉक्सीमिट्राजायनिन या तीव्र द्रव्यावर कडक नियंत्रण आणण्याची शिफारस केली, ती याच कारणास्तव.

व्यसनी मनुष्य 'मनात आणले तर सोडील' असे कुटुंबियांना वाटते. वस्तुस्थिती अशी की, अफू बंद होताच एका दिवसाच्या आत नाक व डोळे वाहू लागतात, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात कळा येऊन जुलाब होतात, हातपाय ओढल्यासारखे दुखतात आणि झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेस पोहोचतो व साधारण आठवड्याने ओसरतो. क्रॅटमच्या नित्य सेवकांतही स्नायुदुखी, निद्रानाश व चिडचिड आढळते. कोंडून ठेवलेला रुग्ण या दिवसांतून बाहेर पडतो, पण तलफ शिल्लक राहते. शरीराची सहनशक्ती मात्र घटलेली असते. अशा वेळी त्याने पूर्वीचीच अफूची मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. कुटुंबास हे ठाऊक नसते, आणि घरी परतलेला मुलगा बरा झाला असे समजून सर्वजण निश्चिंत होतात.

म्हणूनच हे काम वैद्यकीय देखरेखीखाली व्हावयास हवे. ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे अफूची तलफ आटोक्यात ठेवतात. ती ठराविक केंद्रांतून दिली जातात. बडोद्यात सयाजी रुग्णालयात व कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालयात यासंबंधी चौकशी करता येईल. १४४४६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

उपचारास नेले तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती ग्रामीण भागात अनेकांना अडविते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील ६४-अ कलम याबाबत स्पष्ट आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर त्याबद्दल खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. तलाठी, शिक्षक व ग्रामसेवक यांनी ही तरतूद गावातील कुटुंबांना समजावून सांगितल्यास पुष्कळांचे पाऊल रुग्णालयाकडे वळेल.