जुनें जग कीं नवें जग?

गेल्या सहामाहींत मधल्या सुटीच्या वेळीं आमच्या वर्गांतील दोन विद्यार्थ्यांचा एक वाद आमच्या कानीं आला. पहिल्याचें म्हणणें असें कीं, ज्या व्हिडिओ गेमची कथा पुस्तकांतून अगर चित्रपटांतून आधींच प्रसिद्ध झालेल्या जगांत घडते, तो खेळ उसनवारीचा होय. खरी प्रतिभा स्वतःचें नवें जग निर्माण करण्यांत आहे. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, नव्या जगांतील अपरिचित नांवें व राज्यें लक्षांत ठेवितां ठेवितां जीव मेटाकुटीस येतो. ओळखीच्या जगांत मात्र पहिल्या पावलापासून गोडी वाटते. निवाडा आम्हांकडे आला. आम्हीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. पुढें त्यांपैकीं एकाच्या वडिलांनीं आम्हांस विचारलें, "सर, या खेळांत विचार करण्याजोगें कांहीं असतें तरी काय?" या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें असें आम्हांस वाटतें, म्हणून हा लेख.

प्रथम हे खेळ कोणते तें पाहूं. ज्यांस रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्यांत खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. कोणाशीं सख्य करावें, कोणास क्षमा करावी, दिलेलें वचन पाळावें कीं मोडावें, हें तो ठरवितो आणि कथा त्याप्रमाणें वळण घेते. या खेळांचें मूळ संगणकांत नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला; तो कागद, पेन्सिल व फांसे घेऊन टेबलाभोंवतीं बसून खेळावयाचा. त्या खेळासाठीं जीं काल्पनिक जगें छापून निघालीं, त्यांत 'फरगॉटन रेल्म्स' हें फार नांवाजलें. कॅनडांतील एड ग्रीनवुड यांनीं तें लहानपणींच, १९६७ च्या सुमारास, आपल्या गोष्टींसाठीं कल्पिलें होतें. छापील रूपानें तें १९८७ सालीं बाहेर आलें. कॅनडांतीलच बायोवेअर या कंपनीनें १९९८ सालीं त्याच जगांत 'बॉल्डर्स गेट' हा संगणकावरील खेळ रचला. आपल्या वहींत गोष्टी लिहिणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.

जुन्या जगाचा लाभ उघड आहे. कीर्तनकारानें द्रौपदीचें नांव घेतांच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें द्यूतसभा उभी राहते. प्रस्तावना लागत नाहीं. त्याचप्रमाणें 'बॉल्डर्स गेट'च्या कर्त्यांस देवता, नगरें, नकाशे व मंत्र यांची सामग्री सिद्धच मिळाली. परंतु श्रोत्यांस कथेचा शेवटही ठाऊक असतो. कीर्तनकाराचें त्यांत कांहीं बिघडत नाहीं, कारण त्याचा रस कथनांत आहे. खेळाचें मात्र बिघडतें. निर्णय खेळणाऱ्यानें घ्यावयाचा आणि शेवट तर आधींच छापलेला, असें झालें म्हणजे भूमिका केवळ नांवाची उरते.

ही अडचण चतुर कर्त्यांनीं कशी टाळली तें पाहण्यासारखें आहे. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट १९७७ सालीं पडद्यावर आला व त्याचें जग घरोघरीं पोहोंचलें. बायोवेअरनें २००३ सालीं त्या जगांत 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' हा खेळ केला, तेव्हां कथा चित्रपटांच्या सुमारें ४००० वर्षें आधींच्या काळांत ठेविली. त्या काळीं काय घडलें हें बहुतेकांस ठाऊक नव्हतें. म्हणून खेळणाऱ्यास सन्मार्ग धरण्याची व सोडण्याचीही मोकळीक देतां आली. पोलंडमधील उदाहरण निराळें आहे. तेथील लेखक आंद्झेइ सापकोव्स्की यांची गेराल्ट या नायकाची पहिली कथा १९८६ सालीं एका मासिकांत आली. २००७ सालीं सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनें त्यावर 'द विचर' हा खेळ काढला. त्याची कथा पुस्तकें संपल्यानंतरची असून नायकाची स्मृति नष्ट झालेली आहे. यामुळें ज्यांनीं पुस्तकें वाचलीं नव्हतीं ते नायकाबरोबरच शिकत गेले, आणि ज्यांनीं वाचलीं होतीं त्यांचें मनही दुखावलें नाहीं.

तथापि दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधिलें तरी सात-बारा आपल्या नांवें होत नाहीं. २००३ च्या त्या खेळांतील नायक स्त्री असावा कीं पुरुष, भला असावा कीं दुष्ट, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें होतें. २०११ सालीं निघालेल्या एका कादंबरीनें तो पुरुष व सन्मार्गी असल्याचें ठरवून टाकिलें. पुढें २०१४ सालीं 'स्टार वॉर्स'चे मालक लुकासफिल्म यांनीं पूर्वींच्या बहुतेक कादंबऱ्या व खेळ अधिकृत इतिहासांतून वगळून त्यांस 'दंतकथा' या सदरांत टाकिलें; त्यांत हा खेळही गेला. ज्यांनीं तो मनापासून खेळला, त्यांस हें किती लागलें असेल याची कल्पना करावी.

आतां नव्या जगाकडे वळूं. त्याच बायोवेअरनें २००७ सालीं 'मास इफेक्ट' हें स्वतःचें जग उभें केलें. येथें अडचण उलट होती: खेळणाऱ्यास कांहींच ठाऊक नाहीं. यावर कर्त्यांनीं दोन उपाय योजिले. एक, मानवजात ही अंतराळांतील अनेक जातींच्या सभेंत नुकतीच दाखल झालेली आहे, असें कथेंतच दाखविलें; म्हणजे नवखेपणा हा दोष न राहतां कथेचा भाग झाला. दुसरा, जातींचा व ग्रहांचा एक माहितीकोश खेळांतच ठेविला. ज्यास हवा त्यानें तो उघडावा. या श्रमांचें फळ मोठें होतें. एका प्रसंगीं दोन सहकाऱ्यांपैकीं एकासच वाचवितां येतें, आणि कोणास, हें खेळणाऱ्यास ठरवावें लागतें. तो निर्णय २०१० व २०१२ सालच्या पुढील भागांतही त्याच्याबरोबर येतो. चित्रपटांतील आवडत्या वीरांविषयीं असा अधिकार देण्यास कोणता मालक धजला असता?

पण नवें जग फार दिवस नवें राहत नाहीं. २०१२ सालीं 'मास इफेक्ट'चा तिसरा भाग संपतांच, आपल्या एवढ्या निर्णयांचें शेवटीं चीज झालें नाहीं, अशी पुष्कळ खेळणाऱ्यांनीं तक्रार केली. तेव्हां कंपनीस त्याच वर्षीं वाढविलेला शेवट विनामूल्य द्यावा लागला. अवघ्या पांच वर्षांत कर्त्यांचें जग लोकांचेंही झालें होतें. बेथेस्डा कंपनीच्या 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेचें उदाहरण याहून बोलकें आहे. ती १९९४ सालीं सुरू झाली. १९९६ च्या 'डॅगरफॉल' या दुसऱ्या भागाला परस्परविरोधी असे अनेक शेवट होते. मग पुढील भागांत खरा कोणता मानावा? कर्त्यांनीं सांगितलें कीं, त्या वेळीं काळाची वीणच सुटली आणि ते सर्व शेवट एकदम घडले! युक्ति विलक्षण आहे खरी. परंतु तिच्यामुळें कोणत्याही खेळणाऱ्याचा निर्णय खोटा ठरला नाहीं.

आतां निवाडा. पहिल्या विद्यार्थ्यास आमचें सांगणें असें कीं, जुन्या जगांत रचना करणें ही उसनवारी नव्हे. त्या जगाचा अभ्यास करून त्यांतील रिकामी जागा शोधणें हेंही प्रतिभेचेंच काम आहे. दुसऱ्यास सांगणें असें कीं, नव्या जगांतील अपरिचित नांवांचा थोडा कंटाळा सोसावा. आज ओळखीचें वाटणारें प्रत्येक जग कोणे एके काळीं परकेंच होतें. जग जुनें कीं नवें हा खरा प्रश्नच नव्हे. त्या जगांत खेळणाऱ्याच्या निर्णयास किती जागा ठेविली आहे, आणि त्या निर्णयाचें फळ त्यास भोगावें लागतें कीं नाहीं, हीच खरी कसोटी होय.

आणि त्या वडिलांस व सर्व पालकांस आमची एक विनंति आहे. आपलें मूल असा खेळ खेळून उठलें, म्हणजे किती वेळ घालविलास एवढेंच विचारूं नये, वेळेची मर्यादा घालणें अवश्यच आहे, परंतु त्यापुढें आणखी एक प्रश्न विचारावा: "आज तूं कोणता निर्णय घेतलास आणि कां?" या प्रश्नाला जें मूल विचार करून उत्तर देईल, त्याचा वेळ सर्वस्वीं वायां गेला असें आम्ही तरी म्हणणार नाहीं.